मशिनं आहेत ना घरी, मग काय त्रास?

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि बायको पुण्याला गेली, म्हणजे मुंबईपर्यंत विमान आणि पुढे एक्स्प्रेस-वेने कोथरूड. लेक आणि मी इथे श्टुटगार्टला. लेकीलाही घेऊन जा असं दोन्हीकडच्या आज्यांनी सुचवलं, "पहिलीत तर आहे, काय बुडतंय एवढं?" पण जर्मनीत हे चालत नाही. शाळा सक्तीची, आणि सुट्टी नसताना परवानगीशिवाय पोराला प्रवासाला नेलं तर आईबापाला दंड होऊ शकतो. आजीचं ऑपरेशन म्हणून अर्ज केला असता तर थोडे दिवस मिळालेही असते कदाचित, पण त्यातला निम्मा वेळ जाण्यायेण्यातच गेला असता. तर नोव्हेंबर महिना, पाच वाजायच्या आत बाहेर काळोख, आणि घरात आम्ही दोघं.

फॅमिली ग्रुपवर हे कळल्यावर सगळ्यांचा सूर एकच. आत्या म्हणाली, "अरे, तुमच्याकडे सगळी मशिनं आहेत की, तुला काय करायचंय?" काकांनी त्यावर अंगठा टाकला. मला या मुद्द्यावर जरा भांडायचंय.

पुण्यातलं आमचं घर माणसांवर चालतं. धुण्याभांड्याच्या मावशी, पोळ्यांच्या काकू, इस्त्रीवाला, दूधवाला, सोसायटीचा जिना झाडणारे मामा, सकाळी ओला-सुका कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई. यातलं एक माणूस जरी दोन दिवस आलं नाही तरी आमच्या घरात आणीबाणी जाहीर होते हे मी लहानपणापासून बघत आलोय. इथे ही सगळी माणसं म्हणजे आम्ही दोघं. त्यातलं एक गेलं की दुसरा एकाच वेळी मावशी, काकू, मामा आणि ताई, आणि वर नोकरी. आणि मशीन म्हणाल तर त्याच्यामागेही कुणीतरी उभं राहावंच लागतं.

डिशवॉशरचंच घ्या. त्यात साबणाची गोळी टाकतात हे सगळ्यांना माहितीये. पण त्याच्या तळाशी एक झाकण असतं, तिथे मीठ भरायचं असतं, खायचं नाही, त्याचं वेगळं जाड खड्यांचं मीठ मिळतं, पाण्यातला क्षार काढणाऱ्या भागासाठी. दाराच्या आतल्या बाजूला आणखी एक कप्पा, त्यात भांडी चकचकीत करणारं पाणी. मीठ संपलं की समोर एक बारका दिवा लागतो, आणि तिकडे लक्ष गेलं नाही तर काचेचे ग्लास ताक पिऊन नुसते विसळल्यासारखे दिसायला लागतात. लोखंडी कढई, तवा, पोळपाट-लाटणं आत टाकायचं नाही, लोखंडाला गंज आणि लाकडाला चिरा. म्हणजे आपल्या स्वयंपाकाची निम्मी भांडी राहिली सिंकमध्येच, आणि ती घासणारे मावशी म्हणजे मी.

शेगडी काचेची, सपाट. गॅसवर दूध वर यायला लागलं की ज्योत बारीक करायची, खेळ खल्लास. इथे बटण बंद केलं तरी काच चांगली तापलेली राहते, त्यामुळे चहा उतू जातो तो बटण बंद केल्यावरच, आणि जळलेलं दूध काचेवर असं काही बसतं की ते खरवडायला ब्लेड लावलेलं खास हत्यार घ्यावं लागतं. पोळी या शेगडीवर फुगवायची कला बायकोकडे आहे, माझ्याकडे इंडियन स्टोअरचे फ्रोजन पराठे आहेत.

फोडणीचा वेगळाच सोहळा. आमच्या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये, घराघरात झोपायच्या खोल्या आणि पॅसेज इथे धुराचा अलार्म सक्तीचा आहे. स्वयंपाकघरात तो नाही, पण आमचं स्वयंपाकघर उघडतंच पॅसेजमध्ये. मोहरी तडतडली, हिंग पडला, लाल मिरची टाकली की अलार्म कोकलायला लागतो. लेकीने यावर तोडगा काढलाय, मी मोहरीचा डबा उघडला की ती न सांगता टॉवेल घेऊन अलार्मखाली उभी राहते आणि मिरची पडली की वर बघत गोल गोल फिरवायला लागते. आमटी झाली की विचारते, "बाबा, झालं? मी जाऊ?"

कपड्यांचं मशीन तळघरात. धुवायला लागत नाही कबूल, पण तीन मजले खाली जाऊन कोणते चाळीस अंशांवर, कोणते साठवर, लोकरीचे तिसावर हे बघून टाकायचे, परत जाऊन काढायचे, आणि वाळत कुठे घालायचे? पुण्यात गॅलरीत टाकले की दुपारपर्यंत खडखडीत. इथे नोव्हेंबरात घरात स्टँडवर दोन दोन दिवस ओलेच, आणि घरात दमट हवा कोंडली की भिंतीला बुरशी. म्हणून दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघड्या टाकायच्या. बाहेर चार डिग्री. हे भाड्याच्या करारात लिहिलेलं असतं, गंमत नाही. आईला व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं तर ती म्हणाली, "अरे पोरीला स्वेटर घाल आधी, मग काय ते नियम पाळ."

कचरा. कोथरूडला दोन डबे दाराबाहेर ठेवले की संपलं आपलं काम, पुढचं कचरावेचक बायका बघतात आणि आपण त्यांचं नावही विचारत नाही. इथे ओला वेगळा, कागद वेगळा, पॅकिंगचं प्लास्टिक आणि डबे वेगळे, उरलेला वेगळा, आणि प्रत्येकाची गाडी वेगळ्या दिवशी. तो दिवस हुकला की पुढच्या फेरीपर्यंत तो कचरा तुमचा. काच कोपऱ्यावरच्या टाक्यांमध्ये, पांढरी, तपकिरी, हिरवी अशी रंगाप्रमाणे, निळी बाटली असेल तर हिरवीत, आणि रविवारी टाकायची नाही, आवाज होतो. यातलं एकच काम लेक आनंदाने करते, पाण्याच्या प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनला खिलवायचं, कारण बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात आणि ते तिचे.

आता खरी गोष्ट. श्टुटगार्टमध्ये केअरवोखे नावाचा प्रकार आहे. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बिऱ्हाडाची झाडायची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी लटकते. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना आणि पॅसेज, मोठ्या पाळीत तळघर, अंगण आणि बाहेरचा फुटपाथ. याची मुळं १४९२ पर्यंत जातात, तिकडे कोलंबस अमेरिकेला पोचला आणि इकडे श्टुटगार्टच्या नियमात आलं की प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. शहराने सक्तीचा नियम १९८८ मध्ये काढून टाकला, पण घरमालकांच्या करारात तो आहे तसाच, आणि त्याहून पक्का आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींच्या डोक्यात.

आजी ऐंशीच्या पुढच्या. बायको गेली त्याच आठवड्यात आमच्या दाराला पाटी, तीही मोठी पाळी. फुटपाथवर ओल्या पानांचा थर. शनिवारी सकाळी मी झाडून काढलं, पिंपात भरलं, जिना पुसला आणि वर आलो तोच बेल. आजी दारात. मला खाली घेऊन गेल्या आणि पायरीच्या कोपऱ्यात, जिथे पायरी भिंतीला भिडते तिथे, बोट लावून ते माझ्यासमोर धरलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मग स्वतःच्या घरातून एक छोटा ब्रश आणून दिला आणि मी प्रत्येक पायरीचे दोन्ही कोपरे काढेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या, मधे फक्त विचारलं की तुझी बायको कधी येणार. या बाईंना सदाशिव पेठेत एक वाडा द्यायला पाहिजे होता, चारच दिवसांत पाट्या लागल्या असत्या. आमच्या बिल्डिंगच्या नियमावलीत दुपारी एक ते तीन शांतता पाळावी असंही आहे, त्याबद्दल मात्र मी पुणेकर म्हणून काही बोलणार नाही.

हे सगळं मी बायकोला सांगणार होतो. तिकडे रात्रीचे साडेदहा, इथे सहा. मी सुरुवात करायच्या आतच ती म्हणाली, "अरे, मावशी गेल्यात गावाला, तुळशीचं लग्न झालं आणि त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. आईला वॉकर घेऊन चालवायचं, फिजिओला चहा, बघायला येणाऱ्या प्रत्येकाला चहापोहे, आणि मग ढीगभर भांडी. एक डिशवॉशर असतं ना इथे!" मागून सासूबाईंचा आवाज, "जावयांना विचार, जेवलात का." मी जेवलो म्हणालो आणि आजींच्या ब्रशचं प्रकरण पुढच्या कॉलसाठी ठेवलं.

आत्याला मात्र मी ग्रुपवर विचारलंय की बाई, तुझ्याकडे मावशी की मशीन यातलं एकच ठेवायचं म्हटलं तर काय ठेवशील? दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

आज रविवार आहे. मिठाचा तो दिवा सकाळी लागलाय आणि इथे रविवारी किराण्याची दुकानं बंद असतात, तेव्हा आज सगळीच भांडी हाताने, कढई धरून. व्हॅक्यूम आज लावता येत नाही, आवाज होतो. भांडी घासायला हरकत नाही, फक्त कुकरचं झाकण खाली पडू द्यायचं नाही.