भुताची वंशावळ

दुपारी झोपही येत नाही आणि कामही जिवावर येतं, अशा वेळी मी भुताचे सिनेमे पाहतो. रात्री पाहत नाही. रात्री पाहायला धैर्य लागतं आणि ते असल्याचा आव मी केव्हाच सोडलाय. परवा यादी खालीवर करताना एका सिनेमाच्या नावापुढे सहाचा आकडा दिसला. म्हणजे ते मेलेलं भूत पाच वेळा पुन्हा मेलं, तरी त्या घरात राहायला कुणीतरी आलंच! खाली लिहिलं होतं, 'या भागात उलगडणार शापाचं मूळ.' झालं. मूळ उलगडणार म्हटलं की माझा उत्साह मावळतो.

हे खूळ लहानपणापासूनचं. आमची मावशी भुताच्या गोष्टी सांगायची, त्याही कपड्यांच्या घड्या घालता घालता. आवाज चढवायचा नाही, डोळे मोठे करायचे नाहीत. 'आणि मग त्या बाईने मागे वळून पाहिलं,' एवढं म्हणायची आणि पुढचा टॉवेल उचलायची. संपली गोष्ट. आम्ही पोरं एकमेकांना चिकटून बसलेलो. पण माझ्या धाकट्या भावाला राहवायचं नाही. 'मागे कोण होतं? ते तिथे का आलं? त्याचं नाव काय?' मावशी पडली भिडेची. एकदा तिने सगळं सांगून टाकलं. भुताचं माहेर, सासर, जमिनीचा वाद, सावत्र दीर. ऐकता ऐकता आम्ही हळूहळू सुटे होऊन बसलो. कुणीतरी जांभई दिली. एकीला तर भुताची दया आली.

भयपटांचे दुसरे भाग माझा हा भाऊच लिहितो, असा माझा जुना संशय आहे.

1978चा 'हॅलोविन' घ्या. पांढरा मुखवटा घातलेला एक माणूस एका मुलीच्या मागे लागतो. का लागतो? काही नाही, लागतो. उद्या तो कुणाच्याही मागे लागू शकतो, माझ्यासुद्धा, म्हणून तर पाय वर घेऊन बसायचं. 1981 साली दुसरा भाग आला आणि त्यात कळलं की ती त्याची बहीण! म्हणजे घरगुती मामला. आपण त्यांच्या नात्यात नाही, तेव्हा आपल्याला धोका नाही, पाय खाली सोडायला हरकत नाही. हे लिहिलं पुन्हा पहिला भाग करणाऱ्या जॉन कार्पेंटरनेच, याचं मला जास्त वाईट वाटतं. 2018 साली नवा भाग काढला तेव्हा हे नातं 'लोकांनी उठवलेली गोष्ट' म्हणून एका वाक्यात झटकून टाकलं. बरं केलं.

'जॉज'चं त्याहून वाईट झालं. 1975 साली यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात धड चालेना, म्हणून स्पीलबर्गने तो बराच वेळ दाखवलाच नाही. पाण्यावर पिवळी पिंपं आणि दोन सुरांचं संगीत, एवढ्यावर भागवलं. चौथ्या भागात, 1987 साली, शार्क एका कुटुंबावर डूख धरून थेट बहामापर्यंत जातो. वर डरकाळी फोडतो. मासा! त्यात काम केलेला मायकल केन म्हणाला होता की आपण तो सिनेमा पाहिलेला नाही, पण त्याच्या पैशांतून बांधलेलं घर पाहिलंय आणि ते झकास आहे. सीक्वेलवर याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही.

'एक्झॉर्सिस्ट'च्या दुसऱ्या भागात (1977) तर उघडझाप करणाऱ्या दिव्यांचं एक यंत्र आहे. दोघांनी डोक्याला पट्टे लावायचे आणि एकमेकांच्या मनात शिरायचं. शिवाय टोळधाड आहे. लोक भर थिएटरात हसले. दिग्दर्शक जॉन बूरमनने प्रदर्शनानंतर सिनेमा पुन्हा कापला, तरी हसू काही कापलं गेलं नाही.

आणि याच नावाखाली 1990 साली तिसरा भाग आला. आता कोण बघणार? ज्याने मूळ कादंबरी लिहिली त्या विल्यम पीटर ब्लॅटीने स्वतः तो दिग्दर्शित केला होता, स्वतःच्या 'लीजन' या दुसऱ्या कादंबरीवरून. त्याला नावही तेच हवं होतं. स्टुडिओला हवा होता आकडा. शिवाय नावात भूत उतरवणं आहे तर ते सिनेमात कुठे आहे, असं विचारून त्यांनी शेवटाला एक पाद्री आणून बसवला. तो ठिगळ लावल्यासारखा दिसतो. पण त्यात रुग्णालयाचा एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ. लांबलचक मार्गिकेच्या एका टोकाला कॅमेरा ठेवलाय आणि तो हलतच नाही. दूर टेबलाशी एक नर्स. कसलासा आवाज येतो म्हणून ती एका खोलीत जाते, तर पेल्यात बर्फ तडकतोय. खोलीतला पेशंट एकदम उठून बसतो, ती दचकते, आपणही दचकतो, आणि वाटतं की झालं, हेच होतं. ती परत येऊन बसते. पहारेकरी येतो, जातो. पुन्हा काही नाही. मग ती दुसऱ्या एका खोलीत डोकावून येते, दार लावते, वळते...

पुढचं सांगणार नाही. मावशीचा टॉवेल.

तिसऱ्या 'हॅलोविन'वरही (1982) असाच अन्याय झाला. दर वेळी नवी गोष्ट सांगायची असा बेत होता, म्हणून त्यात तो मुखवटेवाला माणूसच नव्हता. त्याऐवजी मुलांच्या मुखवट्यांचा एक कारखानदार आणि टीव्हीवर सारखी वाजणारी त्याची जाहिरात. ती धून डोक्यातून जाता जात नाही, आणि भीती तिथेच आहे. लोक चिडले, आमचा खुनी कुठाय म्हणाले. 1988 साली तो परत आणला, थेट नावातच तसं जाहीर करून. मिळाला त्यांना त्यांचा खुनी.

पण सगळ्यांत जास्त वकिली मी करतो ती 'सायको 2'ची. 1983चा. हिचकॉकच्या सिनेमाला दुसरा भाग काढायचा म्हणजे आधीच शिव्या नक्की. मेलेल्या आईच्या नावाने खून करणारा नॉर्मन बेट्स वेड्यांच्या इस्पितळातून 22 वर्षांनी सुटून घरी येतो. बरा झालाय. निदान बरं राहायची त्याची धडपड चाललीय. सुरी पुढे करायची वेळ येते तेव्हा नॉर्मन झालेल्या अँथनी पर्किन्सची जीभ ज्या तऱ्हेने अडखळते, तेवढ्यासाठीही सिनेमा पाहावा. शेवटी यालाही मोह आवरत नाही, आईची वंशावळ निघतेच. तेवढा भाग मी सोडून देतो.

मला सुटत नाहीत ते फोन. घरात फोन वाजतो आणि पलीकडून त्याची मेलेली आई बोलते. भूत नसतं ते. पहिल्या सिनेमात जिचा खून झाला तिची बहीण आणि त्या बहिणीची मुलगी, दोघी मिळून त्याला पुन्हा वेडा करायला निघालेल्या असतात, म्हणजे त्याला परत आत टाकतील. त्या बहिणीचं माणूस गेलंय. बरा झाला म्हणून त्याला सोडणाऱ्यांनी तिच्या विरोधाला भीक घातलेली नाही. तिचं चुकलं असं मला ठामपणे म्हणता येत नाही. आणि फोन वाजला की नॉर्मनने तो उचलू नये, असंही दर वेळी वाटतं.