आस कुठे आहे?

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजीतून विज्ञान. ‘रोटेट’ आणि ‘रिव्हॉल्व्ह’ हे शब्द तिथे रोज कानावर पडायचे. बऱ्याच जणांच्या लेखी दोन्हींचा अर्थ ‘फिरणे’ एवढाच. मला ते जड गेले नाहीत, याचं श्रेय आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचं. परिवलन आणि परिभ्रमण त्यांनी आमच्याकडून पक्कं करून घेतलं होतं.

व्याख्या लिहून देण्याआधी बाई विचारायच्या, ‘आस कुठे आहे?’ आस म्हणजे ज्या रेषेभोवती फिरणं होतं ती रेषा. फिरणाऱ्या वस्तूच्या पोटातून जात असेल तर परिवलन, म्हणजे रोटेशन. वस्तू दुसऱ्या कशाभोवती फेरी घालत असेल तर परिभ्रमण, म्हणजे रिव्हॉल्यूशन. भोवरा, जातं, पंखा यांचं परिवलन. घाण्याच्या बैलाचं परिभ्रमण.

चंद्राचा तास तर विसरणं शक्य नाही. चंद्राची एकच बाजू दिसते, म्हणजे तो स्वतःभोवती फिरत नाही, असं एकाने ठासून सांगितलं. बाईंनी वर्गाच्या मधोमध खुर्ची ठेवली आणि तिच्यावरची नजर न हटवता त्याला तिच्याभोवती चालायला लावलं. खुर्चीपलीकडे काय दिसतं ते मोठ्याने सांगायचं. ‘फळा... खिडकी... नकाशा... दार...’ आणि पुन्हा फळा! चारही भिंती पाहून झाल्या, म्हणजे एका फेरीत तो स्वतःभोवतीही पुरता एकदा वळला होता. चंद्राला दोन्हींसाठी सारखेच, सुमारे २७.३ दिवस लागतात. त्याची पलीकडची बाजू माणसाने पहिल्यांदा पाहिली ती १९५९ साली, सोव्हिएत ‘लुना ३’ यानाने टिपलेल्या छायाचित्रांत.

पृथ्वीचं परिवलन २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण होतं, दिवस मात्र २४ तासांचा. ही चार मिनिटं परिभ्रमणामुळे लागतात. तेवढ्यात पृथ्वी कक्षेत पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला आणखी थोडं वळावं लागतं. मृग नक्षत्र रोज चार मिनिटं आधी उगवतं तेही यामुळेच. महिन्याला दोन तासांचा फरक पडतो. थंडीत गच्चीवर जाऊन मी हे अजूनही ताडून पाहतो, आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

आता मी मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. चार पोलच्या (चुंबकी ध्रुवांच्या) मोटारीच्या पाटीवर बहुधा १४४० आरपीएमच्या (मिनिटाला इतके फेरे) आसपासचा आकडा असतो. त्यातला पहिला ‘आर’ रिव्हॉल्यूशनचा, शाफ्ट मात्र जागच्या जागी फिरतो. रिव्हॉल्व्हिंग खुर्चीचंही तेच. बोलीत इंग्रजी माणूस हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरतो आणि कुणाचं अडत नाही. ग्रहांच्या बाबतीत मात्र अडतं. शुक्राचं परिवलन २४३ दिवसांचं, परिभ्रमण २२५ दिवसांचं. शब्दांची अदलाबदल केली की त्याचं वर्षच चुकतं.

आताच्या शिक्षकांना एक विनंती : पृथ्वीगोल कपाटात ठेवू नका, मुलांच्या हातात द्या. आणि खुर्चीचा तो प्रयोग वर्गात जरूर करा, दहा मिनिटं पुरतात.