चाकाखालचा दगड

वैशाखातल्या दुपारी अमळनेरच्या घरी कूलरसमोर बसून मी दोन विमानतळांमधली अंतरे पाहत असतो. कुठे जायचे नसते, तिकीट काढायचे नसते. कुणी सुपारी कातरत बसावे तसा हा माझा नाद आहे. परवा जळगाव ते मुंबई पाहिले. रुळांवरून जे अंतर ४२० किलोमीटर भरते ते हवेतून ३५०च्या आसपास निघाले, कारण मनमाड, नाशिक, इगतपुरी करत घाट उतरण्याचे बंधन विमानाला नाही. वेळ मात्र तासाभराहून अधिक दाखवली होती. ताशी ५०० किलोमीटरने उडणाऱ्या एटीआरला, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानाला, एवढ्या अंतरासाठी पाऊण तास पुरायला हवा. पण वेळापत्रकातला कालावधी निव्वळ उड्डाणाचा नसतो. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागचे हलते तेव्हापासून, पलीकडे पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा तो हिशेब असतो. धावपट्टीपर्यंत रांगणे, पुढच्या विमानामागे ताटकळणे, मुंबईच्या आभाळात घिरट्या घालणे, हे सगळे त्यात धरलेले असते. अमळनेरहून जळगावची एसटी आणि तिथून कुसुंब्याच्या विमानतळापर्यंतची रिक्षा मात्र कोणीच धरत नाही.

ठोकळ्यांवरून आजीची गाडी आठवली. आजीचे सासर तापीच्या अलीकडे आणि माहेर चोपडा तालुक्यात, पलीकडे. तापीला पाणी असले की बैलगाडी काठाशी उभी करून मागच्या चाकाखाली दगड लावायचे, बैल सोडून त्यांच्यापुढे कडबा टाकायचे आणि पाणी उतरण्याची किंवा नावाड्याच्या मर्जीची वाट पाहायची. तो दगड मी पाहिलेला आहे. चाकाच्या धावेने एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला, काळपट. माहेर किती लांब, असे विचारले की आजी कोस सांगत नसे. "उन्हाळ्यात अर्धा दिवस, पावसाळ्यात तापीमाय सांगेल तितके," असे ती म्हणे. दगड लागलेला वेळही तिच्या हिशेबात असे.

पुढे मावसभाऊ मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्कला निघाला तेव्हा मी तिला पृथ्वीचा गोल दाखवला होता. सपाट नकाशावर ही वाट अरबस्तानावरून जाईलशी वाटते, पण गोलावर दोरा ताणला की तो उत्तरेकडे चढतो आणि आइसलंडजवळून पलीकडे उतरतो. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. जायला साधारण सोळा तास, यायला त्याहून कमी, कारण त्या उंचीवरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. दोरा, वारे, हजारांचे आकडे, यांतले काही आजीने मनावर घेतले नाही. तिने फक्त सोळा तास ऐकले, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, "मंग आठेच शे ना!" म्हणजे, मग इथेच आहे की! एका श्रावणात भावाला राखी बांधायला निघालेली ती दोन रात्री काठावरच राहिली होती आणि तिसऱ्या दिवशी गाडी तशीच मागे वळवली होती. त्या मानाने न्यूयॉर्क जवळच म्हणायचे.

आता तापीवर पूल झाला आहे. आजीच्या माहेरी मोटारसायकलने अर्ध्या तासात पोहोचता येते, आणि ज्याच्याकडे जावे असे तिथे कोणी राहिलेले नाही.