कोरपन्याच्या नाल्यात मोडलेले पापड

यवतमाळकडच्या वणीतली रात्र कोळशाच्या ट्रकांनी खाल्ली. लॉजवर चोवीस तास गरम पाण्याची पाटी होती, सकाळी बादली मागितली तर कळलं, हीटर कालच गेला. थंड पाण्याने अंघोळ करून पैनगंगा ओलांडली. पुढे सिमेंटच्या धुळीने कपाशीची पानंसुद्धा करडी दिसत होती.

कोरपन्याजवळचा तो नाला आटलेला. काठाला चुनखडीचे बोटभर जाडीचे थर, वाळवणाचे पापड रचावेत तसे. मी तासभर शिंपले शोधत होतो. शेळ्या चारणारे एक आजोबा बघत होते.

"काय हारपलं जी?"

"शिंपला. इथं समुद्र होता आजोबा."

"मंग भेटला का?"

कसा भेटणार? हा गाळ ५४ कोटी वर्षांहूनही कितीतरी जुना. कवचवाले प्राणी तेव्हा जन्मालाच आले नव्हते. घरून हे सगळं वाचून आलो होतो, तरी शिंपले शोधत बसलो!

आजोबांनी काठीने एक जागा दाखवली. "इथं पापड मोडले पाहा."

सरळ थरांच्या मधोमध वीतभर पट्टा आणि त्यात चपट्या चिपा कशाही पडलेल्या, काही आडव्या, काही चक्क उभ्या. दोनचार तर वाकलेल्या, म्हणजे गाळ पुरता घट्ट व्हायच्या आतच तुटलेला. वरचा थर मात्र पुन्हा जागच्या जागी, जणू काही झालंच नाही. जमीन ताणली जाऊन फाटते, फाटीलगतचा भाग खचतो, तिथे समुद्र शिरतो. तळ आणखी खचला की उतारावरचा गाळ घसरून खोल पाण्यात ढिगाने पडतो. मग पुन्हा वर्षानुवर्षं नुसता बारीक चुना बसत राहतो. बोट त्या पट्ट्यावर ठेवून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

अशीच फाटून खचलेली ही जमीन म्हणजे प्राणहिता-गोदावरीची खचदरी. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ती पुन्हा खचू लागली. या खेपेला समुद्र नव्हता, नद्यांनी वाळू-चिखल आणला, त्यात झाडोरा गाडला गेला. वणीचा कोळसा तो हाच. म्हणजे माझी झोप मोडणारे ट्रकसुद्धा या खचण्याच्याच खात्यात!

एक चिप सुटी पडली होती. घ्यावी की नाही, माझं ठरेना.

"न्या जी," आजोबा म्हणाले, "थे सिमेंटवाले तं ट्रकानं नेतेत."

एसटी दीड तास उशिरा आली. उभ्याने प्रवास, खिशात चिप, मांडीला टोचत.