सगळ्यांनाच माईक हवा असतो तेव्हा

आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर माणसांची वाण कधीच नव्हती. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतून कॉलेजची मुलं येतात, निवृत्त गुरुजी येतात, भजनी मंडळातले तात्या येतात. कडोली, बेळगुंदी, येळ्ळूर अशा गावांतही मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथं सूत्रसंचालन केलेल्या माणसाला माईकची भीती नसतेच. पण सगळ्यांनाच बोलायचं असतं, तेही संध्याकाळच्याच वेळेत. स्वयंसेवकांची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा हाच गुंता आधी सोडवावा लागला.

सर्वात नाजूक विषय बातम्यांचा होता. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, राजकीय कार्यक्रमही करता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा लावता येतात. आता सीमाभागातल्या तरुणाला हे पटवायचं म्हणजे सोपं नाही. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकात सामील केल्याच्या निषेधाचा काळा दिवस, जवळ आला की घराघरांत एकच विषय असतो. एक मुलगा तावातावाने म्हणाला, "आपल्याच रेडिओवर आपलंच बोलायचं नाही, मग कुठं बोलायचं सांगा की?" त्याचा राग मला खरा वाटला, म्हणून नुसतं 'नियम आहे' म्हणून त्याला परत पाठवलं नाही. परवान्याच्या अटी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून काढल्या आणि सगळ्यांना बसवून वाचल्या. परवाना संस्थेचा असतो; एकाच्या वाक्यापायी तो गेला तर रताळ्याच्या भावावर बोलणारी, ओव्या गाणारी माणसंही गप्प होतील, हे स्पष्ट सांगितलं.

त्याच कागदात काय चालतं तेही होतं. हवामान, पाणी-विजेच्या सूचना, परीक्षांचे निकाल, जत्रा आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांना बातम्यांचा अडसर नाही. तोच मुलगा आता रोज फोन करून पाणी कुठं येणार, लाईट कुठं जाणार याची खात्री करतो. व्हॉट्सॲपवर आलेलं काही तो परस्पर वाचत नाही. आमचा ट्रान्समीटर १०० वॅटचा, आवाज आसपासच्या गावांपुरता पोचतो. पण तिथल्या बाईला उद्या नळ येणार की नाही हे कळणं मला फार मोलाचं वाटतं.

गुरुजींचं प्रकरण वेगळं. पाहुण्यांची भाषा ते तिथल्या तिथं सुधारायचे. रताळी काढणीवर बोलायला आलेल्या एक अक्का कन्नड शब्द मिसळून छान रंगल्या होत्या, दोनदा टोकल्यावर म्हणाल्या, "मी बोलत नाही की ओ आता." गुरुजींना चारचौघांत बोलणं मला योग्य वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी हेडफोन देऊन ते ध्वनिमुद्रण त्यांना पूर्ण ऐकवलं. अक्कांचा आवाज कुठं बसला, ते त्यांना आपणहून कळलं. कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावं लागतं. तो सांभाळ त्यांनी मागून घेतला. कुठल्या दिवशी कोण बोललं, कुठल्या गावचं, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात वहीत असतं. अक्का पुन्हा आल्या, यावेळी शेजारणीला घेऊन.

पाळीची पद्धत मी गणपती मंडळावरून उचलली: तिथं वर्गणीला एक, मांडवाला एक, आरतीला एक असतो, आणि आरतीवाल्यालाही मांडव घालावा लागतो. आमच्याकडे माईक हवा असेल तर आधी शेतात, बाजारात जाऊन ध्वनिमुद्रण करायचं, बोलणाऱ्याची परवानगी घ्यायची, मग संकलनाला बसायचं. काही जण यात गळाले. मला वाईट वाटलं, पण त्यांच्यासाठी पद्धत सैल केली नाही. राहिलेल्यांत भात लावणीच्या गाण्यांसाठी चिखलात उतरणाऱ्या मुली आहेत.

कन्नड कार्यक्रम करणाऱ्या मुलांनी नंतर हीच पद्धत स्वतःहून मागितली. आता दोन्ही भाषांचं वेळापत्रक एकाच फळ्यावर लागतं. संध्याकाळच्या वेळेवरून कुरबूर अजून होते, ती आम्ही शनिवारच्या बैठकीत मिटवतो.