घडणींची वही: शंकू जमला, आता गोल

मागच्या नोंदीपर्यंत घनाच्या घडणी, म्हणजे दुमडल्यावर घन होणाऱ्या सपाट आकृत्या, पूर्ण झाल्या होत्या. सहा चौरस कडेला कड लावून 35 तऱ्हांनी जोडता येतात, पण दुमडल्यावर घन होतो तो फक्त 11 तऱ्हांचा. अकराही कापून भिंतीवर लावल्यात. इष्टिकाचिती, त्रिकोणी चिती आणि चौरस सूची एकाच रविवारी झाल्या.

समोरचा आकार उलगडून सपाट केला तर कसा दिसेल, हे मनात आलं की मी तो आकार ओळखला असं धरतो. नुसतं नाव सांगता येणं मला पुरत नाही.

शंकूने तीन आठवडे घेतले. वृत्तचिती आधीच तयार होती: त्रिज्या 5 सेंमी, उंची 12, म्हणजे 31.4 बाय 12 चा आयत आणि तळाला वर्तुळ. तिच्याच मापाचा शंकू करायचा आणि तो तीनदा भरून ओतला की वृत्तचिती काठोकाठ भरते, हे हाताने बघायचं होतं. कंपासमध्ये 12 सेंमी घेतले, 150 अंशांची पाकळी कापली, चिकटवली. घरातली दादर ज्वारी भरली, तीनदा ओतली. वर बोटभर जागा रिकामी राहिली. ज्वारी दाबून भरली, हलवून भरली, तरी तेवढीच. दोन शंकू नव्याने केले, तरी तेच.

चूक मापात होती. उलगडलेल्या पाकळीची त्रिज्या म्हणजे शंकूची तिरकी उंची, उभी नव्हे. 12 तिरके घेतल्यावर उभी उंची जेमतेम 10.9 उरते, आणि ती बोटभर जागा म्हणजे हाच 1.1 सेंमीचा फरक. तळ 5, उभी 12, तर तिरकी 13. पाकळीचा कोन 360 गुणिले 5 भागिले 13, साधारण 138.5 अंश. हा शंकू केला आणि तिसऱ्या ओतण्याला दाणे बरोबर काठाशी आले. आई शेजारी उभी होती, तिने हात फिरवून वरचे दाणे सारखे केले. खळ्यातली रास बघताना आता मला तिची तिरकी बाजू आधी दिसते.

राहिला गोल. तो सपाट उलगडतच नाही, कागद सुरकुततो नाहीतर फाटतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आई मांडा हातावर वाढवून पालथ्या खापरावर टाकते, तो फुगीर खापरावर सुरकुती न पडता बसतो, कारण कणीक ताणली जाते. कार्डशीट ताणलं जात नाही. म्हणून 12 सेंमी व्यासाच्या गोलासाठी 12 फोडी, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या पट्ट्या, आखल्या: प्रत्येक 18.8 सेंमी लांब, मध्यावर 3.1 रुंद, मध्य आणि टोक यांच्या निम्म्यावर 2.2.

लीलावतीत (1150) भास्कराचार्यांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचं पृष्ठफळ असं सांगताना चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा दिली आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ उभारला, त्याचा 1207 चा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा. चौपट खरी का, हे मला तोलून बघायचं होतं. त्याच शीटमधून 6 सेंमी त्रिज्येची चार वर्तुळं कापली आणि जळगावच्या सराफ बाजारात ओळखीच्या काकांकडे गेलो. त्यांनी सोन्याच्या काट्यावर आधी फोडी ठेवल्या, 13.61 ग्रॅम. मग वर्तुळं, 13.54. काकांनी दोन्ही वजनं चिठ्ठीवर लिहून दिली, ती वहीत चिकटवलीय.

फोडी जोडायला घेतल्यात. मधला भाग छान बसतो, पण दोन्ही टोकांना बारा टोकं एकमेकांवर चढून गाठ होते. टोकं 3 मिलिमीटर आधीच कापून वर बिल्ला लावायचा विचार आहे. कुणी 16 फोडींचा केला असेल तर टोकाशी काय केलंत ते सांगा.