एका व्हॉल्व्हचा रिजनरेटिव्ह रेडिओ : टिकलर कॉइलपर्यंतची नोंद

एकाच व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नलिकेवर, चालणाऱ्या माझ्या रेडिओचे काम आता टिकलर कॉइलपर्यंत आले आहे. व्हॉल्व्हने वाढवलेल्या संकेताचा काही भाग पुन्हा त्याच्याच प्रवेशाकडे फिरवणारे हे तारेचे वेटोळे; या परतफेडीलाच रिजनरेशन म्हणतात. व्हॉल्व्ह १टी४ जातीचा आहे. व्हॉल्व्हमधली फिलॅमेंट ही तार तापून इलेक्ट्रॉन सोडते, प्लेट ते गोळा करते आणि मधली ग्रिड त्यांचा प्रवाह आवरते. मुळात तो पाच इलेक्ट्रोडांचा पेंटोड असला, तरी त्याची स्क्रीन ग्रिड (मधली आणखी एक जाळी) प्लेटला जोडून मी तो तीन इलेक्ट्रोडांच्या ट्रायोडसारखा वापरतो. फिलॅमेंट जेमतेम ५० मिलिअँपिअर घेत असल्याने तिला दीड व्होल्टचा एक सेल पुरतो, आणि प्लेटसाठी ९ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकसर जोडून ४५ व्होल्ट मिळवले आहेत. हे ४५ व्होल्ट चुकून फिलॅमेंटच्या पिनांवर आले, तर व्हॉल्व्ह क्षणात जातो, म्हणून दोन्ही पुरवठ्यांच्या तारा वेगवेगळ्या रंगांच्या ठेवाव्यात.

जुन्या बाजारातला हा व्हॉल्व्ह बसवण्याआधी काचेवरचा गेटरचा (आत उरलेला वायू शोषणाऱ्या धातूचा) डाग पाहून घेतला. तो चंदेरी आहे. हवा शिरली असती तर पांढरट पडला असता. आतला निर्वात शाबूत हवा, हे आपण गृहीतच धरतो, पण ज्याने व्हॉल्व्हमध्ये ग्रिड आणली, त्या ली डी फॉरेस्टला ते मान्य नव्हते. जॉन अँब्रोज फ्लेमिंगने १९०४ साली लंडनमध्ये दोन इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हचे पेटंट मागितले, त्यानंतर दोनएक वर्षांत डी फॉरेस्टने तिसरा इलेक्ट्रोड, म्हणजे ग्रिड, घालून ऑडिऑन नावाचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. मात्र नलिकेत थोडा वायू उरलाच पाहिजे, असे तो मानत राहिला. त्या वायूमुळेच प्लेटचे व्होल्टेज जरा वाढवले की आत निळी चमक उठे आणि वर्धन बिघडे. १९१३ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये अर्व्हिंग लँगम्युअर आणि वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये हॅरल्ड अर्नॉल्ड यांनी उच्च निर्वाताच्या नलिका घडवल्या, आणि जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को टेलिफोनने जोडली गेली ती अशाच नलिकांच्या बळावर.

माझ्या मते ऑडिऑन खऱ्या अर्थाने समजला तो एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ मध्ये, त्याने प्लेटमधील रेडिओ वारंवारितेचा प्रवाह ग्रिडच्या मंडलात परत फिरवला; हेच रिजनरेशन. या शोधाच्या हक्काचा खटला १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात डी फॉरेस्टच्या बाजूने लागला. आर्मस्ट्राँग रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने याच शोधासाठी दिलेले पदक परत करायला गेला, तेव्हा संस्थेने ते घेण्यास नकार दिला. न्यायालयापेक्षा अभियंत्यांचा निवाडा मला अधिक पटतो.

आता कॉइल. ५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर २८ गेजच्या इनॅमल तारेचे ७५ वेढे घेतले आहेत. ३६५ पिकोफॅरडच्या गँगबरोबर (स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरबरोबर) त्यांत मीडियम वेव्हचा बहुतेक पट्टा बसतो. ग्रिडला १०० पिकोफॅरडचा मायका कंडेन्सर असून, २ मेगओहमचा ग्रिड लीक (ग्रिडवर साठणारा भार वाहून नेणारा रोधक) फिलॅमेंटच्या धन टोकाला जोडला आहे. २५ वेढ्यांची टिकलर कॉइल त्याच पाइपवर मागेपुढे सरकते. ती मुख्य कॉइलच्या जवळ आणूनही हेडफोनमध्ये शिट्टी येत नसेल, तर तिची दोन टोके अदलाबदल करून पाहावीत, कारण उलट जोडणीत परत येणारी ऊर्जा मूळ संकेताला मारक ठरते. टिकलर दूर असताना आकाशवाणी पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झवरचे प्रसारण कुजबुजल्यासारखे येते. शिट्टीच्या किंचित अलीकडे ती आणली की शब्द न् शब्द कळतो. शिट्टीच्या पलीकडे मात्र थांबू नये, कारण तेव्हा आपला संच एरियलवाटे स्वतःच प्रक्षेपण करू लागतो.

टिकलर हाताने सरकवताना ट्यूनिंगही थोडे हलते. म्हणून पुढच्या टप्प्यात स्क्रीन ग्रिड प्लेटपासून सोडवून तिचे व्होल्टेज पोटेन्शिओमीटरने कमीजास्त करणार आहे, आणि टिकलर जागेवर पक्की बसवणार आहे.